मचाणावरच्या रात्री आणि हरवलेली शून्यं

“यात शून्यं कुठे आहेत?”

गाईड मॅडमनी एवढंच विचारलं आणि फाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवली. माझं पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. मी गप्प बसले, कारण मला प्रश्नच कळला नव्हता.

फाईल खरं तर माझी नव्हतीच. विरारला आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहतात. अख्खी आळी त्यांना ‘सर’ म्हणते, मीही म्हणते. मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय, वैशाख पौर्णिमा आली की सर पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण आणि पिशवीत चपाती-भाजीचा डबा घेऊन जंगलाकडे निघायचे. प्राणीगणनेला. कधी जिल्ह्यातलं जंगल, कधी बाहेरचं. एक पैसा मिळायचा नाही, उलट खिशातूनच जायचे. दर वर्षी भरलेल्या तक्त्याची एक प्रत ते स्वतःकडे ठेवत आले. माझा विषय शहराला लागून असलेल्या जंगलांतले सस्तन प्राणी. सरांनी ती फाईल माझ्या हातात दिली तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. दोन रात्री जागून सगळं एक्सेलमध्ये भरलं, आडव्या अक्षावर वर्षं घेतली, उभ्या अक्षावर भेकरांचा आकडा, आणि आलेख काढला. रेघ वरखाली नाचत नाचत खाली उतरत होती. “भेकरं कमी होतायत” असं शीर्षकसुद्धा मनात तयार झालं होतं.

आणि मॅडम म्हणाल्या, शून्यं कुठे आहेत?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. पण त्याचं उत्तर मला आकडेशास्त्राच्या पुस्तकात सापडायच्या आधी इतिहासात सापडलं, म्हणून मी तुम्हाला इतिहासातूनच नेणार आहे. तुमच्यातले बरेच जण नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत असाल. कधीतरी तुमच्याही हातात कुणाची तरी जुनी फाईल येईल. (गेल्या महिन्यात एमएस्सीच्या एका मुलीने मला विचारलं, “ताई, आफ्रिकेत गेम रिझर्व्हवर व्हॉलंटियर म्हणून गेलं तर सीव्हीला वजन येतं का?” तिचंही उत्तर यातच येईल, थोडं पुढे.)

आधी मचाण. वैशाखच का? कारण तेव्हा ओढे आटलेले असतात, पानगळीची झाडं मोकळी असतात, आणि प्राण्यांना उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. पौर्णिमा का? टॉर्च न लावता दिसावं म्हणून. महाराष्ट्रात ही पद्धत अनेक दशकं चालत आली आहे. मेळघाट असो, ताडोबा असो की आपलं तुंगारेश्वर, पाणवठ्याशेजारच्या झाडावर मचाण बांधायचं, वनरक्षक आणि स्वयंसेवक एकत्र बसायचे, आणि जे येईल ते वेळेसकट लिहायचं.

मी स्वतः पहिल्यांदा तुंगारेश्वरला बसले. वसई-विरारच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: महामार्गाच्या पूर्वेला जो डोंगर दिसतो तोच हा. २००३ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला वसईच्या खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ईशान्येला तानसा. श्रावणात देवळाच्या वाटेवर गर्दी असते आणि पावसाळ्यात धबधब्यावर. वैशाखात मात्र तिथे फक्त वाळलेल्या पानांचा आवाज. आम्ही संध्याकाळी पाचला मचाणावर चढलो. सूचना तीन होत्या: अत्तर-डिओ नाही, बोलायचं नाही, रंगीत कपडे नाहीत. अंधार पडायच्या आधी वानरांची टोळी येऊन गेली. नंतर रानडुकरं आली, चिखलात लोळून गेली. मग एक ससा. मग तासन्‌तास काही नाही, फक्त रातव्याचा आवाज आणि डास. अडीचच्या सुमाराला माझा डोळा लागला. वनरक्षकदादांनी कोपर मारून उठवलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

त्या पाऊण तासाचं तक्त्यात मी काय लिहिलं? काहीच नाही. म्हणजे कागद वाचणाऱ्याला दिसणार की अडीच ते सव्वातीन पाणवठ्यावर कुणी आलं नाही. खरं हे होतं की बघणारी झोपली होती. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मागे जाऊ. भारतात वन्यप्राण्यांचे सरकारी आकडे सुरुवातीला जिवंत प्राण्यांचे नव्हतेच, मेलेल्यांचे होते. ब्रिटिश काळात वाघ, बिबटे, लांडगे मारल्याबद्दल इनाम मिळायचं. कातडं दाखवा, पैसे घ्या. इनामाचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून आकडे आले. त्या आकड्यांवरून जंगलात किती वाघ होते हे कळत नाही, किती जणांनी बंदूक उचलली हे कळतं. इनामाची रक्कम वाढली की आकडा वाढणार. आकड्यामागे माणसाची धडपड किती हे ठाऊक नसेल, तर आकडा माणसाबद्दल बोलतो की प्राण्याबद्दल, ते सांगता येत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

त्याच काळात मुंबईत दुसरं काहीतरी सुरू झालं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी मंडळी जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १८८६ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. त्यात लिहिणारे बहुतेक पगारी वैज्ञानिक नव्हते. चहामळेवाले, सैनिक, रेल्वेवाले, वनाधिकारी, शिकारी. एखादा पक्षी अमुक तारखेला अमुक ठिकाणी दिसला, एवढ्या दोन ओळींच्या टिपणांचा ढीग. आज आपण ज्याला ‘नागरिक विज्ञान’ म्हणतो ते आपल्याकडे असं, शिकारीच्या बंगल्यातून आलं. याबद्दल नाक मुरडणारे लोक मला माहीत आहेत. मी मुरडत नाही. तारीख आणि जागा प्रामाणिकपणे लिहिलेली असेल तर ती नोंद सव्वाशे वर्षांनीही कामाला येते.

शिकारीकडून मोजणीकडे जाण्याचं याहून ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे नाताळात बंदुका घेऊन दोन गट पडायचे आणि जास्त पक्षी-प्राणी मारणारा गट जिंकायचा. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने १९०० च्या नाताळाला सुचवलं की या वर्षी मारण्याऐवजी मोजा. २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजले. ती गणना आजही दर वर्षी होते, आणि तिच्यात एक साधी गोष्ट पाळली जाते: किती पक्षी दिसले याबरोबर किती गटांनी किती तास बघितलं, तेही लिहायचं. पक्षी दुप्पट दिसले आणि तासही दुप्पट झाले असतील तर पक्षी वाढले असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे वाघांच्या बाबतीत हे धडपणे शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पंजाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत मांडली. कल्पना आकर्षक होती. प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा, तर काचेवर ठसा गिरवा, प्लास्टरचा साचा काढा, ठसे जुळवा, वेगवेगळे किती ते मोजा. १९७२ मध्ये देशभर अशी पहिली गणना झाली आणि १८२७ हा आकडा आला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. तेव्हा त्या आकड्याने मोठं काम केलं, हे मान्य करायलाच हवं. वाघ संपत चाललाय हे दिल्लीला पटवायला काहीतरी आकडा लागत होता.

पण पद्धत प्रश्न न विचारता तीस-बत्तीस वर्षं चालली. यात तीन गृहीतकं लपलेली होती: जंगलातल्या प्रत्येक वाघाचा ठसा आपल्याला सापडतो, तो ठसा आपण चुकत नाही, आणि मऊ मातीतला व कोरड्या धुळीतला ठसा सारखाच उमटतो. कर्नाटकातले उल्हास कारंथ यांनी हे तपासून बघितलं. बंदिस्त वाघांचे ठसे अनुभवी लोकांसमोर ठेवले आणि विचारलं, सांगा हे किती वाघ? बरोबर आकडा कुणालाच सांगता आला नाही. अनुभव कमी पडला असं नाही. त्या ठशांत ती माहितीच नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग सरिस्का. राजस्थानातल्या या व्याघ्र प्रकल्पात कागदावर २००४ मध्येही दीड डझनाच्या आसपास वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला कळलं की तिथे एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते, आणि गणनेला पत्ता नव्हता. मला हा भाग दर वेळी वाचताना अस्वस्थ करतो. शिकार तर सगळीकडे होते, पण इथे नोंदींनी वर्षानुवर्षं “सगळं ठीक आहे” असं सांगितलं. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं, ठशांवरून गणना सोडून देण्यात आली, आणि कॅमेऱ्यांवर आधारित नवी पद्धत आली. तिचा २००६ चा अंदाज होता १४११.

इथे थांबा, कारण मुलाखतीत हा प्रश्न हमखास येऊ शकतो. २००२ चा ठशांवरून काढलेला आकडा ३६४२ होता. नवा १४११. मग चार वर्षांत २२३१ वाघ मेले का? वर्तमानपत्रांनी तसं लिहिलंही. पण ही वजाबाकी करताच येत नाही. दोन आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आहेत, आणि पहिली पट्टी किती चुकते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वाघ कमी झाले असतील, बहुधा झालेच असतील, पण किती, ते या वजाबाकीतून निघत नाही.

तर आता आफ्रिका. गेम रिझर्व्ह या नावातच इतिहास आहे. इंग्रजीत ‘गेम’ म्हणजे शिकारीचं जनावर, आणि ते राखून ठेवायची जागा म्हणजे रिझर्व्ह. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या राखीव शिकारगाहीसारखंच. झिंबाब्वेतलं ह्वांगे हे असंच एक, १९२८ मध्ये वांकी गेम रिझर्व्ह म्हणून सुरू झालेलं, आज राष्ट्रीय उद्यान. तिथे कोरड्या ऋतूत उघड्यावर पाणी जवळपास उरतच नाही. टेड डेव्हिसन नावाच्या पहिल्या वॉर्डनने कूपनलिका खणून पंपाने पाणवठे भरायला सुरुवात केली, आणि त्या पाण्यावर आज हजारो हत्ती जगतात.

ह्वांगेत १९७२ पासून दर वर्षी स्वयंसेवकांची गणना होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्यांच्या कोरड्या ऋतूच्या अखेरीला, पौर्णिमेला, पाणवठ्यावर, दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. वाचून मी खुर्चीतून उठले. हे तर आपलंच! वैशाख पौर्णिमा आणि मचाण, फक्त मचाणाच्या जागी बऱ्याचदा गाडी, आणि भेकराच्या जागी हत्तींचे कळप. तीच कल्पना, एकमेकांना न विचारता, दोन खंडांत. कारण दोन्हीकडे उन्हाचा ताप आणि चंद्राचा उजेड सारखाच आहे.

फरक इतकाच की ह्वांगेच्या नोंदी संशोधकांनी शोधनिबंधांत वापरल्या: पाऊस कमी झाला की हत्ती पाण्याभोवती कसे दाटतात, कुठला पाणवठा चालू असला की कुठे गर्दी होते. त्यांना ते जमलं, कारण वेळ ठरलेली, चोवीस तास ठरलेले, आणि कुठला पाणवठा बघितला आणि कुठला नाही हेही लिहिलेलं. आणि तरीही त्यांनी त्या आकड्याला ‘ह्वांगेतले एकूण हत्ती’ म्हटलं नाही. कोरड्या वर्षी पाणवठ्यावर जास्त हत्ती दिसतात, त्याचा अर्थ हत्ती वाढले असा नाही, तहान वाढली असा आहे. आपल्याकडे उलटं घडतं: गणनेच्या आदल्या आठवड्यात वळवाचा पाऊस पडला की जंगलात ठिकठिकाणी डबकी साचतात, मचाणासमोर कुणी फिरकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते “प्राण्यांची संख्या घटली”.

त्यात दुहेरी मोजणी. वीस वानरांची टोळी संध्याकाळी एका पाणवठ्यावर आली आणि सकाळी दुसऱ्यावर, तर बेरजेत चाळीस वानरं. म्हणूनच आता वनविभाग बऱ्याच ठिकाणी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला गणना न म्हणता ‘निसर्गानुभव’ म्हणतो. नाव बदललं तेव्हा सरांना फार लागलं होतं. “म्हणजे आम्ही इतकी वर्षं सहलीला जात होतो का?” असं ते म्हणाले. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मोजतात तरी कसं? हे समजायला बिबट्याच सोयीचा, आणि तो आपल्या दारातला. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दोन जनावरांचे सारखे नसतात. समजा आज जंगलात कॅमेरे लावले आणि २० वेगवेगळे बिबटे टिपले. काही दिवसांनी पुन्हा लावले, १८ टिपले, त्यातले १२ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेला आलेल्यांपैकी दोन-तृतीयांश आपल्याला आधीच दिसले होते. याचा अर्थ पहिल्या खेपेला आपण एकूण बिबट्यांपैकी साधारण दोन-तृतीयांशच बघितले असणार. २० हे दोन-तृतीयांश, तर एकूण ३०. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.) डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ मध्ये माशांवर केलेलं हे काम, आजच्या पद्धती त्याचीच सुधारलेली नातवंडं आहेत. गंमत बघा, या सगळ्या गणिताचा जीव न दिसलेल्या दहांमध्ये आहे. जे दिसले ते तर कुणीही मोजेल.

संजय गांधी उद्यानात २०११ मध्ये सुनील लिमये वनसंरक्षक असताना ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. विद्या अत्रेय यांच्यासारखे संशोधक, वनकर्मचारी आणि शहरातले तरुण स्वयंसेवक एकत्र आले. कॅमेरे लावणं, फोटो वेगळे करणं, आदिवासी पाड्यांत आणि सोसायट्यांत जाऊन बोलणं ही कामं झाली. त्यातून किमान २१ बिबटे दिसले. ‘किमान’ हा शब्द त्यांनी जपून वापरला, आणि मला तो त्या अहवालातला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो. पुढे २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी एमएस्सीच्या प्रबंधासाठी ठिपक्यांची ती पद्धत वापरून ३५ चा अंदाज काढला. हो, एमएस्सीच्या. तुम्ही जे आता करताय तेच. आणि पुन्हा, २१ चे ३५ झाले म्हणजे चार वर्षांत १४ वाढले असं लिहू नका. वरची वाघांची वजाबाकी आठवा.

वसईकरांसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००९ च्या उन्हाळ्यात अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला ‘आजोबा’ म्हणायला सुरुवात केली. आजोबा महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालला. कसाऱ्याकडे रेल्वे ओलांडली, महामार्ग ओलांडले, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून गेला, खाडी पोहून पार केली आणि पलीकडे नागला बंदरच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानात शिरला. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. आपल्या कारखान्यांमागून एक पूर्ण वाढलेला बिबट्या गेला आणि आपल्यातल्या कुणालाही पत्ता लागला नाही. त्या वर्षी त्या पट्ट्यात एखाद्याने रात्रभर बसून “बिबट्या: नाही” असं लिहिलं असतं तर ते खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं. २०११ च्या डिसेंबरमध्ये आजोबा महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. शरीरातल्या चिपवरून ओळख पटली.

आणि २०२४ ची वसई किल्ल्याची गोष्ट तर ताजी आहे. मार्चअखेर बिबट्या दिसला, आणि पिंजऱ्यात यायला पंचवीसएक दिवस लागले. तो रोज कुठे दिसत होता? पण दिसला नाही म्हणून गेला, असं मानून किल्ल्यात फिरायला जायची कुणाची तयारी नव्हती. न दिसणं आणि नसणं यातला फरक सामान्य माणसाला जिवाच्या भीतीने चटकन कळतो. आपल्याला एक्सेलसमोर बसल्यावर विसरायला होतं.

त्याचं गणित अवघड नाही. समजा एखाद्या पाणवठ्याच्या परिसरात भेकर आहे, आणि एका रात्रीत ते तुम्हाला दिसण्याची शक्यता ०.३ आहे. एक रात्र न दिसण्याची शक्यता ०.७. चार रात्री बसून एकदाही न दिसण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.२४. चार रात्री जागूनही दर चार वेळांपैकी जवळपास एकदा तुम्ही असलेल्या भेकराला ‘नाही’ म्हणणार. पण हा ०.३ येतो कुठून? किती वेळा बसलो आणि त्यातल्या किती वेळा दिसलं यावरून. म्हणजे ‘दिसलं नाही’ या नोंदी हव्यातच. त्याच मॅडमच्या प्रश्नातल्या शून्या.

सरांच्या तक्त्यांत त्या नव्हत्या. तक्त्यात रकाने होते: वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू, संख्या. काही आलं तरच ओळ भरायची. एखाद्या वर्षी मचाणं बारा, एखाद्या वर्षी सात, आणि ज्या मचाणावर काही आलंच नाही त्याचा कागद बहुतेक वेळा जोडलेलाच नाही. ज्या वर्षी माणसं कमी आली त्या वर्षी भेकरं कमी. माझी खाली उतरणारी रेघ भेकरांची नव्हती, ती स्वयंसेवकांची होती.

हे सरांना सांगायला मी दोन आठवडे टाळाटाळ केली. अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याच रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात येत नाही. शेवटी एका रविवारी गेले. ओट्यावर बसून ह्वांगेपासून सगळं सांगितलं, भेकराचा ०.७ चा घात कागदावर काढून दाखवला. सर गणिताचे शिक्षक. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “म्हणजे तुला रिकामी रात्र पाहिजे.” आत गेले आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या खिशातल्या डायऱ्या घेऊन आले.

तक्ता सकाळी भरायचा आणि द्यायचा. डायरी मात्र रात्री मचाणावर, चंद्राच्या उजेडात, जाग राहावी म्हणून लिहिलेली. जवळपास दर तासाला एक ओळ. आकाश कसं, वारा कुठून, पाणवठ्यात पाणी किती वीत, शेजारी कोण पेंगतंय. आणि पानंच्या पानं: काही नाही. काही नाही. बेडूक. काही नाही.

डायऱ्या सगळ्या वर्षांच्या नाहीत. दोन भिजून गेल्यात, एक सापडत नाही. त्यांवरून भेकरं वाढली की घटली हे मी आजही सांगू शकत नाही, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहिणार आहे. पण तासागणिक नोंद असल्यामुळे कुठला प्राणी रात्रीच्या कुठल्या प्रहरी येतो, ढग असतील तर दिसण्याची शक्यता किती पडते, पाणी किती उरलं की रानडुकरांची वर्दळ वाढते, हे काढता येतंय. एका मागोमाग एक तास पूर्णपणे स्वतंत्र धरता येत नाहीत, त्यासाठी मॉडेलमध्ये वेगळी सोय करावी लागते, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. पाणवठ्यांची नावं इथे मुद्दाम देत नाही. जागा कळल्या की चुकीची माणसंही पोचतात. तुमच्या कामातही ही काळजी घ्या.

त्या एमएस्सीच्या मुलीला मी काय सांगितलं? जा, परवडत असेल तर जरूर जा. फक्त पैसे भरायच्या आधी त्यांना विचार की आम्ही भरलेल्या नोंदींचं पुढे काय होतं, त्या कोण वापरतं, आणि तुमच्या फॉर्मवर ‘काही दिसलं नाही’ लिहायला जागा आहे का. उत्तर द्यायला ते अडखळले तर ती सहल आहे. सहल वाईट नसते, पण सीव्हीवर तिला संशोधन म्हणू नकोस. आणि नाहीतर येत्या वैशाखात तुंगारेश्वरला ये, तिकीट वसई रोडपर्यंतचं पुरेल.

सध्या दर रविवारी सकाळी मी सरांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसते. ते चष्मा कपाळावर चढवून वाचतात, मी भरते. काल एका जुन्या डायरीत आलं: “१ वा. ढग. चंद्र गेला. २ वा. काही नाही. ३ वा. मला झोप लागली, माहीत नाही.” सरांनी वाचता वाचता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “याला पण शून्य का?”

“नाही सर,” मी म्हटलं, “दोन वाजताचं शून्य. तीनचा चौकोन रिकामा ठेवायचा.”